पोतं घेऊन आलेला बाबा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई रंगूबाई, दारात आलेल्या माणसाला रिकाम्या झोळीने जाऊ देत नाहीत. पलूसजवळ मळ्यात आमचं घर. उसाला लागून एक तुकडा जोंधळ्याचा, तो केवळ आत्याबाईंच्या हट्टापायी. पहाटे वासुदेव येवो, पिंगळा येवो, नाहीतर नंदीवाला येवो, आत्याबाई सूप भरून जोंधळे घेऊन ओट्यावर उभ्या. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या पोराच्या पाठीवरच्या पिशवीतसुद्धा ओतायला निघाल्या होत्या. "आजी, आत लॅपटॉप हाय!" म्हणून ओरडत ते पोरगं बांधापर्यंत पळालं.

हात असा सढळ, तोंड मात्र फटकळ. मी नवी नवरी होते तेव्हा माझी पहिली भाकरी हातात घेऊन म्हणाल्या, "दीपमाला, ही खायाची का बैलाच्या खुराला ठोकायची?" डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पण दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, "बघायचं तेवढं बघून झालंय माजं."

हे त्या का म्हणतात ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, निदान आम्हाला तसं वाटायचं. आत्याबाईंना तीन मुलगे. मधले माझे मालक जयराज, फौजेत आहेत, वर्षातून एकदा सुट्टीवर येतात. धाकटे पप्पू भावजी, शाळेची व्हॅन चालवतात, अजून लग्नाचे आहेत. आणि थोरले ऋषिराज. ते सांगलीला नोकरीला होते. तिथे दवाखान्यातल्या एका सिस्टरशी त्यांचं जमलं. चारुलता तिचं नाव, माधवनगरच्या ख्रिस्ती घरातली. लग्न करून दोघं पाया पडायला आली, तेव्हा आत्याबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "ह्या दारात परत पाय ठेवू नगंस," एवढंच म्हणाल्या. थोरले भावजी आले तसे मागे फिरले, आणि आईचा शब्द त्यांनी पाळला. त्या दिवसापासून त्यांचं नाव घरात निघालं नाही. भिंतीवरचा त्यांचा फोटो ट्रंकेत गेला. शेजारच्या अंबूबाई कधी चुकून म्हणाल्या, "रंगूबाई, थोरल्याचं काय..." की आत्याबाई उठून गोठ्यात.

पप्पू भावजी मात्र गुपचूप माधवनगरला जाऊन यायचे आणि थोरल्यांच्या लेकीचे, ऋचाचे, फोटो मला मोबाईलवर दाखवायचे. अगदी आत्याबाईंचं नाक! मी ते फोटो बघायची आणि देवघरात जाऊन दत्तमहाराजांना एकच सांगायची, ह्या बाईचं काळीज एवढं दगडाचं का केलंस बाबा.

ह्या वर्षी नाताळ मार्गशीर्षातच आला. दुसऱ्या दिवशी शेवटचा गुरुवार, उद्यापनाची सगळी तयारी व्हायची होती, आणि इकडे माझ्या दोन पोरांनी सांताक्लॉजचा धोशा लावलेला. राणी दुसरीत, युवी बालवाडीत. शाळेत त्यांना कुणी सांगितलं की नाताळच्या पहाटे सांताबाबा येतो. झालं! पप्पू भावजी शाळेतून लाल डगला, दाढी आणि प्लॅस्टिकचा मुखवटा मागून घेऊन आले. राणीसाठी डॉक्टरचा खेळ, युवीसाठी ट्रॅक्टर-ट्रॉली आणली. मी कुकरमध्ये बिनअंड्याचा केक केला. मार्गशीर्षात अंडं घरात कसं आणायचं? पोरांनी त्यांच्या पप्पांचे फौजेतले हिरवे मोजे आणले आणि कुठं बांधावेत? तुळशीला! मी ते सोडून ओट्यावरच्या खुंटीला अडकवले आणि तुळशीपुढे हात जोडले.

आदल्या संध्याकाळी जेवताना राणीने आजीला बातमी दिली.

"आजी, उद्या पहाटं सांताबाबा येणार."

"कुठला बाबा?"

"सांताबाबा. लाल डगला, पांढरी दाढी आणि पाठीवर हे एवढं पोतं."

"मग लौकर उठाया पायजे मला."

"तू नको उठू. त्यो कुणाला दिसत नसतो."

"मला तसंबी कोण दिसतंय बाई."

युवी तोंडात घास ठेवून म्हणाला, "त्यो समद्या पोरांच्या घरी जातो. समद्या! एका दिवसात!"

आत्याबाईंचा हात ताटावर थांबला. "समद्या? सांगलीकडं बी?"

"सांगली, कोल्हापूर, अमेरिका, सगळीकडं," राणी म्हणाली.

"आनी कुणाच्या घरात पोर हाय, ते कसं कळतं त्याला?"

"त्याला सगळं ठाऊक असतं आजी. विचारावं लागत नाही."

पोरांचं मन राखायला विचारतायत, असं मला वाटलं. ताट धुवायला घेताना बघितलं, अर्धी भाकरी तशीच होती.

पहाटे मी अंघोळ करून देवापुढे दिवा लावला. बाहेर धुकं असं दाटलेलं की गोठासुद्धा दिसेना. ठरलं होतं असं की पप्पू भावजींनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कपडे बदलायचे, फाटकातून यायचं, मोज्यांत खेळणी घालायची, घंटी वाजवायची आणि पसार व्हायचं. "भावजी, काय झालं तरी तोंड उघडू नका, पोरं आवाज वळखतील," असं मी त्यांना दहादा बजावलं होतं.

धुक्यातून लाल डगला येताना दिसला, आणि त्याच वेळी ओट्यावरून आवाज आला.

"या बाबा. वाटच बगत हुते."

मी दाराआडून डोकावले. आत्याबाई कधीच्या अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर जोंधळ्यांनी भरलेलं सूप!

भावजी जागच्या जागी खांबासारखे उभे. बोलायची तर सोय नाही. त्यांनी मुखवटा इकडून तिकडे हलवला.

"न्हाई म्हणू नगासा. माज्या दारातनं कोण रिकामं जात न्हाई. सोडा पोत्याचं तोंड."

भावजींनी दाराकडे बघितलं. मी काय करणार? आत्याबाईंनी स्वतःच पोत्याचं तोंड सोडलं आणि ट्रॅक्टरवर, डॉक्टरच्या खेळावर, सगळ्यावर सूपभर जोंधळे ओतले. वर गुळाचा एक खडा. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. मनात म्हटलं, आता त्या ट्रॅक्टरची ट्रॉली आपोआपच भरली.

मग आत्याबाईंनी मागे वळून घराकडे बघितलं, कुणी उठलं नाही ना असं, आणि आवाज खाली आणला. कंबरेची पुरचुंडी सोडून त्यांनी एक फडकं बाहेर काढलं.

"आता एक काम सांगते बाबा, तेवढं करा. माजा थोरला माधवनगरात हाय."

माझं हसू तिथंच थिजलं. माधवनगर! हे ह्यांना कुणी सांगितलं?

"त्याला लेकरू हाय. पोरगा का पोरगी, ते मला म्हाईत न्हाई. घरातली समदी मला आंदळी समजत्यात, तशी बहिरी बी समजत्यात. धाकटा फोनवर कुजबुजतो, त्यातनं अर्दं कळतं, अर्दं न्हाई. तुमी म्हणं समद्या पोरांच्या घरी जाता. मग तितंबी जाणारच की. हे चांदीचं दोन वाळं हायत बगा, माज्या तिन्ही पोरांनी घातल्यालं. त्या लेकराच्या पायात घाला."

भावजींचा हात पुढे होईना. आत्याबाईंनी तो धरून त्यात फडकं ठेवलं.

"गेल्या साली वासुदेवाला दिलं हुतं. त्यो म्हणला, आमची फेरी तिकडं न्हाई, आनी परत देऊन गेला. त्याच्या आदी त्या नंदीवाल्याला दिलं. त्यो बी आणून देऊन गेला. मानसं चांगली हुती, पर त्यांचा रस्ता न्हवता त्यो. तुमचा हाय." फडक्यावर त्यांची मूठ मिटवून त्या म्हणाल्या, "आनी थोरल्याला सांगा. आईनं बोलावलं न्हाई म्हणावं, पर आडवलं बी न्हाई. एवढंच सांगा, जादा काय बोलू नगा."

दाराची कडी माझ्या हातात होती. ती सुटली असती तर आवाज झाला असता, म्हणून मी तशीच घट्ट धरून राहिले. म्हणजे इतकी वर्षं हे चाललं होतं तर. ह्या बाई पहाटे उठून, दारात येईल त्या वाटसरूला सूपभर जोंधळे घालून, आपल्या लेकाचा पत्ता देत होत्या! आणि मी चार हातांवर देवापुढे बसून त्यांच्या दगडाच्या काळजाबद्दल गाऱ्हाणं घालत होते. दत्तमहाराज तरी काय म्हणाले असतील मला.

लाल डगल्यातले भावजींचे खांदे गदगदत होते. ते एकदम खाली वाकले आणि त्यांनी आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आवं, आवं बाबा! तुमी माज्या पाया पडता? मला पाप लावता व्हय?" आत्याबाई दचकून उभ्या राहिल्या.

भावजी उठले, वळले, आणि मोज्यांकडे न बघता पोतं पाठीवर टाकून फाटकाबाहेर गेले. धुक्यात मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"आता बाबा बी फटफटीवर फिराय लागलं," आत्याबाई म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि खराटा घेऊन अंगण झाडायला लागल्या.

पोरं उठली ती थेट मोज्यांकडे पळाली. राणीने हात घातला, कोपरापर्यंत. मग दुसऱ्यात घातला. युवीने मोजा उलटा करून झटकला. त्यातून एक सुताचा गुंता पडला. मग जे रडणं सुरू झालं, ते ऐकून अंबूबाई बांधावरून धावत आल्या.

"आगं रडताय कशापायी?" आत्याबाई हसत म्हणाल्या. "आला हुता की बाबा! माज्या ह्या डोळ्यांनी बगितला, लालेलाल. पोतं चांगलं भरून दिलं मी त्याला."

राणीचं रडणं थांबलं. "तू... दिलं?"

"मग? सूपभर जोंधळं. गूळ बी घातला."

"आजी! त्यो द्यायला येतो! न्यायला न्हाई!"

आत्याबाईंचा खराटा हातातच राहिला. "द्यायाला येतो? मग पोतं कशाला?"

"त्यात आमची खेळणी असत्यात! त्यो कुणाकडनं काय घेत नसतो!"

"कायच घेत न्हाई?"

"कायच न्हाई!"

"आवं रंगूबाई," अंबूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मग तुमच्या दारात आल्याला कोण हुता? चोर हुता का काय? काय काय दिलंसा त्याला?"

आत्याबाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी बघितला. त्यांचा हात आपोआप कंबरेकडे गेला, रिकाम्या पुरचुंडीकडे. "कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "जोंधळं." आणि तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. खराटा तिथंच पडून राहिला. चहा नेऊन दिला, तो निवला. भाकरी करू का विचारलं, तर "नगं, कुणीच खायाचं न्हाई" म्हणाल्या. आत्याबाई कुणालाही उपाशी ठेवणाऱ्यातल्या नाहीत.

मी आत जाऊन भावजींना फोन लावला.

"वैनी, नांद्र्याजवळ हाय. माधवनगरला चाललोय."

"त्या कपड्यात?"

"थंडी लय हाय. डगला बरा हाय."

"आवं भावजी, इकडं आत्याबाईंना वाटतंय चोर आला हुता. वाळं गेलं म्हणून बसल्यात तुळशीपाशी. सांगू का त्यांना, तुमी हुता म्हणून?"

मग ते म्हणाले, "नगं वैनी. मी हुतो कळलं तर लाजंनं मरंल ती. परत कवाच बोलणार न्हाई. त्या बाबालाच काम करू दे." फोन बंद.

मी देवघराच्या उंबऱ्यावर बसले. उद्याचा घट मांडायचा होता, नारळ काढायचा होता, फुलं वेचायची होती. काहीच सुचेना. भावजी जातील, पण थोरले येतील का? आले आणि आत्याबाई पुन्हा दारात आडव्या उभ्या राहिल्या तर? पहाटेच्या अंधारात अनोळखी बाबाला सांगणं वेगळं आणि भर दुपारी पोटच्या पोराच्या तोंडाकडे बघून सांगणं वेगळं.

माधवनगरात काय झालं ते भावजींनी नंतर सांगितलं. थोरल्यांच्या दारावर कागदाची मोठी चांदणी लावलेली, सगळी नवे कपडे घालून नाताळच्या उपासनेला निघण्याच्या तयारीत. दारात लाल डगला बघून ऋचा जराही दचकली नाही. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "उशीर केलात. मी पहाटेपासून वाट बघतेय." भावजींनी पोतं जमिनीवर उपडं केलं. फरशीभर जोंधळे सांडले, त्यात ट्रॅक्टर, त्यात गूळ. मग त्यांनी फडकं सोडून वाळे थोरल्यांच्या हातात दिले. एका वाळ्याला चेपल्याची खूण आहे. लहानपणी थोरल्यांनीच तो पाट्यावर ठोकला होता. खुणेवरून अंगठा फिरवत ते त्या जोंधळ्यांतच खाली बसले.

"त्यांनी बोलावलंय का आपल्याला?" चारुलताताईंनी विचारलं.

"बोलावलं न्हाई," भावजी म्हणाले, "पर आडवलं बी न्हाई."

"मग आधी उपासना, नंतर पलूस," असं म्हणून ताई करंज्यांचा डबा भरायला आत गेल्या. जाताना मागे वळून म्हणाल्या, "आणि भाऊजी, हे सगळे जोंधळे गोळा करा. एकसुद्धा दाणा राहता कामा नये. त्यांच्या घरचे आहेत."

उपासनेला भावजी त्याच डगल्यात सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. मुखवटा मांडीवर होता. सगळी पोरं मागेच बघत होती म्हणे.

दुपार कलायला आली तेव्हा फाटकापाशी गाडी थांबली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि हातातलं भांडं तसंच ठेवून बाहेर धावले. थोरले भावजी उतरले. केस पांढरे झालेले. फाटकापर्यंत आले आणि थांबले. एक पाऊल पुढे नाही. त्यांच्या मागे चारुलताताई, हातात डबा. पप्पू भावजी मोटारसायकलवरून आले, आता साध्या शर्टात, आणि मला डोळ्यांनीच म्हणाले, गप्प राहा.

राणी आणि युवी माझ्या पदराला येऊन चिकटले. कोण आलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण मोठ्यांची तोंडं बघून काहीतरी झालंय हे पोरांना बरोबर कळतं.

"कोण हाय?" तुळशीपासून आत्याबाईंनी विचारलं.

थोरल्यांनी फाटकावर हात ठेवला आणि परत काढून घेतला.

मग ऋचा फाटकातून आत आली. तिला कुणी थांबवलं नव्हतं, आणि ती कुणासाठी थांबलीही नाही. दोन्ही हातांनी ते पोतं ओढत ती सरळ तुळशीपाशी गेली.

"आजी, ही ज्वारी तुमची ना? सांता आमच्याकडे घेऊन आला. आणि हे पायात होत नाही माझ्या, म्हणून आईने असं घातलंय."

तिच्या गळ्यात लाल रिबिनीत वाळे लटकत होते. ती वाकली तसे ते एकमेकांवर आपटून वाजले. आत्याबाईंनी हात पुढे केला. आधी वाळ्यांना लावला, चेपलेल्या खुणेवर बोट थांबलं. मग तो हात वर गेला, ऋचाच्या हनुवटीवर, गालावर, नाकावर. नाकावर बराच वेळ राहिला.

"पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "पोचला म्हणायचा बाबा."

त्या उठल्या. कट्ट्यावर पहाटेचं रिकामं सूप पडलेलं होतं, ते उचललं आणि फाटकाच्या दिशेने चालू लागल्या. दत्ता, सांभाळ रे, एवढंच तोंडात आलं. फाटकाच्या चार पावलं अलीकडे त्या थांबल्या. त्यांना थोरल्यांचा चेहरा दिसत नसणार, नुसती उंच सावली दिसत असणार. पण त्या सावलीकडेच बघत त्या म्हणाल्या,

"दारात उभं ऱ्हाणाऱ्याला मी जोंधळं घालते. तुला बी सूपभर घालू, का आत येतोस?"

थोरले भावजी आत आले नाहीत. तिथंच मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग आत्याबाईच चार पावलं पुढे गेल्या. त्यांनी सूप लेकाच्या डोक्यावर धरलं, ऊन लागू नये तसं, आणि चारुलताताईंना म्हणाल्या, "तू बी अशी सुपाखाली ये बाई. किती दिवस उनात उभी ऱ्हाणार?" मग माझ्याकडे तोंड करून ओरडल्या, "दीपमाला! बगत काय बसलीस? भाकरतुकडा आण ओवाळाया!"

मी आत धावले. चूल थंड. टोपलं रिकामं. सकाळपासून घरात भाकरी झालीच नव्हती! ताटात फक्त कुकरातला केक होता, एका बाजूने जरा करपलेला. मी त्याचाच तुकडा कापला, तांब्या घेतला आणि बाहेर आले. आत्याबाईंनी तुकडा हातात घेऊन तिघांवरून ओवाळला, बोटांनी दाबून बघितला आणि भुवया वर केल्या.

"ही कसली मऊ भाकर केलीस गं? जमलं की तुला!"

युवी तोवर पोत्यात हात घालून बसला होता. त्याने ट्रॅक्टर बाहेर ओढला. ट्रॉली जोंधळ्यांनी काठोकाठ भरलेली होती.